सिंगल सुपर फॉस्फेट: तीन हंगाम वापरल्यानंतरचे मत

दुकानातले डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) संपले की दुकानदार जे पुढे करतो ते खत, अशीच सिंगल सुपर फॉस्फेटची आमच्या भागात ओळख आहे. लातूर जिल्ह्यातील आमच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत सोयाबीन आणि त्यात तुरीचे आंतरपीक घेताना मीही वर्षानुवर्षे डीएपीखेरीज दुसऱ्या स्फुरदयुक्त (फॉस्फरस देणाऱ्या) खताचा विचार केला नव्हता. तीन हंगामांपूर्वी मृगाच्या तोंडावर डीएपी मिळेनासे झाले, तेव्हा नाइलाजाने ‘सुपर’ आणले. पुढचे दोन हंगाम मात्र ते ठरवून आणले. हे मत एखाद्या कंपनीच्या पिशवीविषयी नाही, खताच्या या प्रकाराविषयी आहे, कारण १६ टक्क्यांचे दाणेदार सुपर कोणत्याही कारखान्यातून आले तरी त्यातील घटकांचे किमान प्रमाण खत नियंत्रण आदेशाने ठरवून दिलेले असते.

प्रथम पिशवीत काय मिळते ते पाहू. ५० किलोच्या पिशवीत १६ टक्के म्हणजे ८ किलो स्फुरद, ११ टक्के म्हणजे साडेपाच किलो गंधक आणि बऱ्यापैकी कॅल्शियम असते. डीएपीच्या तेवढ्याच पिशवीत २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र मिळते. म्हणजे एका डीएपीची बरोबरी करायला सुपरच्या तीन पिशव्या आणि सुमारे २० किलो युरिया लागतो. सुपरची किंमत कंपनीनुसार बदलते. माझ्या हिशेबात हा जोड डीएपीच्या एका पिशवीपेक्षा थोडा महागच पडला, शिवाय ५० किलोऐवजी १७० किलो वजन घरी आणण्याची हमाली वेगळी. परंतु या जोडात साडेसोळा किलो गंधक मिळते आणि डीएपीत ते नसते. तेलबियांना आणि डाळवर्गीय पिकांना गंधक किती लागते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा सौदा महाग वाटणार नाही. येथे एक खुलासा आवश्यक आहे. पिशवीवर छापलेले ‘स्फुरद’ हे फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात मोजलेले असते. प्रत्यक्ष मूलद्रव्य त्याच्या ४४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सुपरच्या एका पिशवीत साडेतीन किलोच असते. माती परीक्षणाच्या अहवालात आकडा यांपैकी कोणत्या रूपात दिला आहे हे न पाहता हिशेब केला, तर मात्रा दुपटीहून अधिक चुकू शकते.

हे गंधक कारखान्यात वरून मिसळलेले नसते, ते खत तयार होण्याच्या क्रियेतूनच आलेले असते. खनिज फॉस्फेट किंवा हाडांचा चुरा आमच्यासारख्या विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत जवळजवळ विरघळत नाही. त्यावर गंधकाम्लाची क्रिया केली की पाण्यात विरघळणारे फॉस्फेट आणि गंधकयुक्त जिप्सम अशी दोन द्रव्ये मिळतात, आणि सुपरमध्ये ती दोन्ही एकत्रच राहतात. इंग्लंडमधील रॉथमस्टेडच्या जॉन बेनेट लॉज यांनी या कृतीचे पेटंट १८४२ मध्ये घेतले, म्हणजे कारखान्यात तयार होणाऱ्या खतांमधील हे अगदी जुने खत आहे. आपल्याकडे ते देशातच तयार होते आणि उदयपूरजवळील झामरकोट्रा येथील खनिजही त्यासाठी वापरले जाते. डीएपीचे तसे नाही. परदेशातून माल यायला उशीर झाला की त्याची टंचाई थेट गावातल्या दुकानापर्यंत पोहोचते.

आता अनुभवाविषयी. पहिल्या हंगामात मी सुपर पेरणीआधी शेतात हाताने फेकून दिले आणि वखराची पाळी घातली. वरून टाकले की पावसाबरोबर मुळांपर्यंत जाईल, अशी माझी युरियावरून झालेली समजूत होती. पीक वाईट आले नाही, पण मुद्दाम कोरी (खताविना) सोडलेली चार तासे, म्हणजे ओळी, आणि खत दिलेली तासे यांत मला सांगण्यासारखा फरक दिसला नाही. चूक खताची नव्हती, पद्धतीची होती. नत्र पाण्याबरोबर वाहते. स्फुरद मात्र जिथे पडते तिथून जेमतेम काही मिलिमीटर सरकते. त्यातच आमच्या जमिनीचा सामू (पीएच) ८ च्या वर आणि चुन्याचे प्रमाण भरपूर असल्यामुळे विरघळलेले स्फुरद लगेच कॅल्शियमशी बांधले जाते. (कोकणातील जांभ्या जमिनीत हेच काम लोह आणि ॲल्युमिनियम करतात.) त्यामुळे खत शेतभर विखुरले, तर मातीच्या प्रत्येक कणाला ते बांधून ठेवण्याची संधी मिळते. दिलेल्या स्फुरदापैकी पहिल्या वर्षी पिकाच्या वाट्याला साधारण पंधरा-वीस टक्केच येते असे सांगतात, आणि फेकून दिल्यावर तेवढेही येत नसावे.

दुसऱ्या हंगामात खताची वेगळी पेटी असलेले पेरणी यंत्र भाड्याने घेतले आणि सुपर बियाण्याच्या खाली व किंचित बाजूला, दोन-तीन बोटे अंतर ठेवून पडेल अशी व्यवस्था केली. मात्रा तीच, एकरी तीन पिशव्या. सोयाबीनसाठी हेक्टरी ६० ते ७५ किलो स्फुरदाची जी शिफारस असते, तिच्या खालच्या आकड्यात ती बसते. या वेळी फरक उपटलेल्या रोपांत दिसला. पेरणीनंतर सुमारे पाच आठवड्यांनी काही रोपे मातीसकट खणून काढली, तेव्हा खताच्या तासातील मुळे अधिक दाट होती आणि त्यांवरील गाठी मोठ्या होत्या; नखाने फोडल्यावर त्या आतून गुलाबी निघाल्या. हवेतील नत्र बांधण्याच्या कामात या गाठी प्रचंड ऊर्जा खर्च करतात आणि सजीवांच्या पेशीतील ऊर्जेची देवघेव ज्या एटीपी नावाच्या रेणूमार्फत होते, त्यात फॉस्फरस असतोच. स्फुरद कमी पडलेले सोयाबीन नत्रालाही मुकते ते यामुळे. कोऱ्या तासांतील झाडे पिवळी पडली नाहीत, उलट त्यांचा रंग जास्तच गडद होता, पण ती खुजी राहिली आणि फुलावर उशिरा आली. हिरवागार रंग पाहून स्फुरदाची कमतरता ओळखता येत नाही, हे मला त्या वेळी कळले.

तिसऱ्या हंगामात बियाण्याला स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची प्रक्रियाही केली. त्याचा वेगळा परिणाम मला सांगता येणार नाही, कारण त्या वर्षी पाऊसच वेगळा होता आणि कोरी तासे ठेवायची राहिली. एवढे मात्र नोंदवतो की जिवाणूसंवर्धक रासायनिक खतात मिसळायचे नसते, तसेच बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी आणि जिवाणूंची सर्वांत शेवटी करायची असते. दुकानात हे कोणी सांगत नाही.

दुकानाचा विषय निघालाच आहे, तर त्या विक्रेत्याचे नाव न घेता लिहितो. पहिल्या वर्षी सुपरच्या पिशव्यांबरोबर विद्राव्य खताची एक बाटली घेणे मला भाग पाडले गेले आणि पावतीवर तिचा उल्लेख नव्हता. शिवाय सहापैकी दोन पिशव्या ओल लागून दगडासारख्या झाल्या होत्या. सुपरचा हा खरा दोष आहे. ते हवेतील ओल धरते, गोळे बनतात आणि पेरणी यंत्राच्या नळ्या तुंबतात. म्हणून पिशवी घेतानाच दाबून पाहावी आणि घरी जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवावी. युरिया मिसळायचा असेल तर पेरणीच्या वेळी, लागेल तेवढाच मिसळावा. आदल्या रात्री मिसळून ठेवलेले मिश्रण सकाळी पाणी सुटून चिखलासारखे झाले, हा माझाच उद्योग.

बनावट मालाची शंका असल्यास घरच्या घरी करण्याच्या दोन चाचण्या उपयोगी पडतात. डीएपीचे दाणे तंबाखूसारखे चुन्याबरोबर तळहातावर मळले की नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास येतो, आणि मंद आचेवर तव्यात ते फुलतात. सुपरचे दाणे तापवले तरी फुलत नाहीत, आणि नखाने सहज फुटत नाहीत. पिशवीवर डीएपी आणि आत सुपर अशी फसवणूक यातून बहुधा पकडता येते. सुपरमध्येच काही भेसळ असेल तर मात्र प्रयोगशाळेशिवाय इलाज नाही.

शेणखत आणि गोमूत्र यांवरच भागवू म्हणणाऱ्या मित्रांसाठी थोडे विषयाला धरून विषयांतर. एक टन शेणखतातून सुमारे दोन किलो स्फुरद मिळते, म्हणजे सुपरच्या तीन पिशव्यांची भरपाई करायला एकरी बारा टन शेणखत लागेल. गोमूत्रात तर स्फुरद नावापुरतेच असते, कारण रवंथ करणारी जनावरे ते मुख्यतः शेणावाटे टाकतात. माणसाचे उलट आहे. आपल्या शरीरातील जादा फॉस्फरस मूत्रपिंडे लघवीतून बाहेर काढतात. हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँडला १६६९ मध्ये हे मूलद्रव्य सापडले तेही सोन्याच्या शोधात माणसाची लघवी आटवताना. अंधारात ते चमकले म्हणून त्याला प्रकाश वाहणारा अशा अर्थाचे ग्रीक नाव मिळाले, आणि आपल्याकडच्या ‘स्फुरद’ या नावातही स्फुरणे आहेच. ध्वनी आणि अर्थ दोन्ही इतके जुळणारे पारिभाषिक शब्द थोडे असतात.

खताच्या परीक्षणात आरोग्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. आमच्या गोठ्यात तो संबंध दिसला. एक म्हैस हाडे आणि चिंध्या चघळू लागली, तेव्हा पशुवैद्यकांनी चाऱ्यातील स्फुरदाच्या कमतरतेकडे बोट दाखवले आणि खनिज मिश्रण सुरू केले. व्याल्यानंतर म्हशीला लाल लघवी होण्यामागेही पुष्कळदा हीच कमतरता असते. जमीन उपाशी असली की कडबाही निकस निघतो. माणसाच्या ताटात मात्र फॉस्फरस क्वचितच कमी पडतो. प्रौढ शरीरात तो सुमारे ७०० ग्रॅम असतो, त्यातील ८५ टक्के हाडांत आणि दातांत, आणि दूध, डाळी, मासे, अंडी यांतून तो नियमित मिळत राहतो. डाळी-धान्यांतील बराच फॉस्फरस फायटेटच्या रूपात असल्यामुळे आपल्याला पूर्ण पचत नाही. मटकीला मोड आणले की फायटेट काही प्रमाणात फुटते. ज्यांची मूत्रपिंडे निकामी होत आहेत त्यांची अडचण उलटी असते, रक्तात फॉस्फरस साचतो, अंगाला खाज सुटते, हाडे ठिसूळ होतात आणि रक्तवाहिन्यांत चुना बसतो. त्यांनी कोला आणि डबाबंद पदार्थांतील फॉस्फेटपासून जपावे, कारण ते डाळीतल्यापेक्षा फार अधिक प्रमाणात शोषले जाते.

सुपरच्या बाजूने आणि विरोधात आणखी एक गोष्ट सारखीच लागू पडते: स्फुरद हवेत उडून जात नाही. जमिनीत बांधलेला साठा तिथेच राहतो आणि हळूहळू थोडा मोकळा होतो. पण बांध फुटून माती वाहिली की स्फुरदही तिच्याबरोबर ओढ्यात आणि तळ्यात जाते, आणि तिथे शेवाळ व जलपर्णी माजवते. गरजेपेक्षा जास्त दिले तर पिकाला जस्त घेणे जड जाते. म्हणून दरवर्षी ठरलेल्या तीन पिशव्या ही सवय मी मोडली आहे. उन्हाळ्यात काढलेल्या माती नमुन्याच्या अहवालात उपलब्ध स्फुरद हेक्टरी २१ किलो आले. १० च्या खाली कमी आणि २५ च्या वर भरपूर, असे त्या पत्रिकेचे मोजमाप आहे. आमचे शेत पहिल्या हंगामापूर्वी ९ वर होते. सुपरला पाचपैकी चार गुण देऊनही येत्या पेरणीला त्याच्या एकरी दोनच पिशव्या सांगितल्या आहेत, आणि उरलेल्या पैशांतून खताच्या पेटीचे यंत्र वेळेवर मिळावे म्हणून त्याचे भाडे आगाऊ भरले आहे.