अर्टिगा: पेट्रोल घ्यावी की सीएनजी?

मेहुण्यांची अर्टिगा ठरली आहे, अडलंय ते इंधनावर. जाहिरातीतलं मायलेज बाजूला ठेवू. मुंबईच्या गर्दीत, एसी लावून, पेट्रोलची गाडी लिटरला साधारण ११-१३ किमी देते. सीएनजीची किलोला १७-१९. पेट्रोल शंभरच्या वर आणि सीएनजी ऐंशीच्या आसपास धरलं, तर किलोमीटरमागे साडेआठ विरुद्ध साडेचार रुपये. सीएनजी मॉडेलला सुमारे लाखभर जास्त मोजावे लागतात. ते २५,००० किमीत वसूल होतात. हायवेवर दोन्हींचा आकडा वाढतो, पण वेग शंभरापुढे गेला की तो पुन्हा घसरतो.

मात्र सात माणसं बसवून घाट चढताना सीएनजीची ताकद कमी पडते, गिअर सारखा उतरवावा लागतो. डिकीत सिलिंडर, त्यामुळे बॅगा टपावर. पंपावरच्या रांगेत वेळ जातो तो वेगळाच. दर तीन वर्षांनी सिलिंडरची तपासणीही करून घ्यावी लागते. ऑटोमॅटिक हवी असेल तर पेट्रोलच.

रोज ४०-५० किमी शहरात फिरणाऱ्याने बिनधास्त सीएनजी घ्यावी. गाडी फक्त गणपतीला कोकणात आणि लग्नकार्याला निघत असेल, तर पेट्रोल.