सेकंडहँड सेस्ना 172 : एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव, बेळगावहून

सेस्ना 172 म्हणजे चार सीटचं छोटं विमान. गेल्या दिवाळीनंतर घेतलं, आता दसरा तोंडावर आलाय, म्हणजे हिवाळा, उन्हाळा आणि आपल्याकडचा पावसाळा असे तिन्ही ऋतू बघून झाले. घेताना मला मराठीत कुणाचाच अनुभव वाचायला मिळाला नव्हता म्हणून सविस्तर लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

विमान नवीन नाही. ऐंशीच्या दशकातलं 172 पी, लायकमिंगचं ओ-320 इंजिन, 160 हॉर्सपॉवर, कार्ब्युरेटरवालं, आधीपासून व्हीटी, म्हणजे भारतीय, रजिस्ट्रेशन असलेलं, त्यामुळे इम्पोर्टच्या परवानगीची भानगड वाचली. तिघा मित्रांत मिळून घेतलंय. माझा उद्यमबागेत मशीन शॉप आहे, बाकी दोघांपैकी एकजण निपाणीकडचा, एक शहरातलाच. तिघांकडेही पीपीएल (खासगी पायलटचं लायसन्स) आणि त्याला लागणारं क्लास 2 मेडिकल आहे. विमान सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, शेडमध्ये असतं.

पहिलं सांगायचं ते हे, की विमानाचा खर्च उडवण्याने होत नाही, उभं ठेवण्याने होतो. पेट्रोल किती खातं हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं, तर तासाला 30-32 लिटर विमानाचं खास पेट्रोल म्हणजे अ‍ॅव्हगॅस जातं, टाक्यांत वापरता येण्यासारखं 150 लिटर बसतं, हिशोब सोपा आहे. पण इन्शुरन्स, शेडचं भाडं, कॅमोची (देखभालीवर लक्ष ठेवणारी संस्था) फी, दरवर्षीचा एआरसी (विमान उडण्यालायक असल्याचा कागद), एएमई (लायसन्सवाले विमान मेकॅनिक) सरांचे येण्याजाण्याचे आणि सहीचे पैसे हे सगळं विमान एक तास उडालं काय आणि शंभर तास उडालं काय, तेवढंच. म्हणून एकट्याने घेणाऱ्याला मी स्पष्ट सांगतो, नका घेऊ, तिघे-चौघे मिळून घ्या, म्हणजे खर्च वाटला जातो आणि विमान उडतं राहतं, आणि ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे.

का ते सांगतो, हा माझ्या धंद्यातला विषय आहे. या लायकमिंगमध्ये व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसवलेला असतो. इंजिन बंद झालं की ऑइल खाली संपमध्ये (तळाच्या टाकीत) उतरतं आणि कॅमच्या लोबवर (उंचवट्यावर) नुसता पातळ थर राहतो, तोसुद्धा हळूहळू ओघळून जातो. त्यात आपल्याकडची जुलैची हवा. बेळगावात राहणाऱ्याला सांगायला नको, कपाटातल्या चपलेलाही बुरशी येते. लोबवर गंजाचा बारीक ठिपका पडला की टॅपेटचा फेस त्याच्यावर घासत राहतो, हार्डनिंग केलेला वरचा थर जातो, आणि मग धातूचा कीस फिल्टरमध्ये दिसायला लागतो. तोपर्यंत इंजिन उघडण्याशिवाय इलाज उरत नाही. ओव्हरहॉलची मर्यादा 2000 तास किंवा 12 वर्षं अशी आहे, पण नुसतं उभं राहून कितीतरी इंजिनं त्याच्या आधीच जातात.

यावरून जूनमध्ये आमच्या तिघांत चांगलीच वादावादी झाली. एका पार्टनरचं म्हणणं, दर रविवारी जाऊन पंधरा मिनिटं चालू करून ठेवू, गाडीसारखं. मी म्हटलं अजिबात नाही. जमिनीवर इंजिन चालवलं की ज्वलनातून पाण्याची वाफ तयार होते, ती ऑइलमध्ये मिसळते, आणि ऑइल पुरेसं तापत नाही म्हणून ती बाहेर पडत नाही. ती उडून जायला उड्डाणात ऑइल 74 ते 93 डिग्रीच्या दरम्यान बराच वेळ राहावं लागतं. म्हणजे रविवारी चालू करणारा माणूस दर रविवारी आत पाणी घालतोय. शेवटी एएमई सरांना फोन लावला, ते हुबळीकडचे, मराठी मोडकं पण बोलणं एकदम स्वच्छ, म्हणाले, "हे बघा, उडवणार असाल तर नीट तासभर उडवा, नाहीतर प्रिझर्व करून टाका, नुसतं चालू-बंद करू नका." आणि प्रोपेलर हाताने फिरवून ठेवायची जी सवय काही लोकांना असते तीही बंद, कारण त्याने राहिलेला ऑइलचा थर पुसला जातो, आणि प्लगला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचं ग्राउंडिंग तुटलेलं असलं तर इंजिन एखादा फटका मारू शकतं, हात जातो माणसाचा.

मग गंज रोखणारं प्रिझर्वेशन ऑइल घालून शेवटचं उड्डाण केलं, वरचे स्पार्क प्लग काढून तिथे सिलिका जेलचे डिहायड्रेटर प्लग बसवले, एक्झॉस्ट आणि ब्रीदर सील केले, आणि प्रोपेलरवर मोठ्ठी पाटी अडकवली, फिरवू नये म्हणून. सिलिकाचे दाणे निळे असतात, ओल धरली की गुलाबी होतात. शेडमधले मामा दर दोन दिवसांनी बघून फोटो टाकायचे. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात, खानापूर-कणकुंबीकडे पाऊस थांबायलाच तयार नव्हता तेव्हा, दाणे आठवड्यात गुलाबी व्हायचे आणि आम्ही बदलायचो. गेल्या महिन्यात सगळं उघडलं. कॉम्प्रेशन टेस्टला 80 पीएसआयने हवा देऊन चारही सिलिंडरनी दाब 72 च्या वर धरला, ऑइल फिल्टर कापून घड्या उलगडून उन्हात चुंबक फिरवून बघितलं, कीस नाही. सिलिंडरच्या भिंती बोरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) बघितल्या, होनिंगच्या, म्हणजे बनवताना घासल्याच्या, रेघा स्वच्छ दिसल्या. मला झालेला आनंद काय सांगू, त्या दिवशी उड्डाण नव्हतं तरी घरी पेढे नेले.

ऑइल बदलण्याचा नियमही लोक अर्धाच लक्षात ठेवतात. फिल्टर असलेल्या इंजिनाला 50 तास किंवा 4 महिने, जे आधी येईल ते. आमच्यासारख्यांचे 4 महिनेच आधी येतात.

आता पाणी. पावसाळा संपला म्हणून पाणी संपत नाही. प्रत्येक उड्डाणाआधी दोन्ही पंखांतून आणि इंजिनजवळच्या स्ट्रेनरमधून (गाळणीतून) कपात इंधन काढून उजेडाकडे धरायचं. 100 एलएल अ‍ॅव्हगॅस निळसर असतं, पाणी असेल तर तळाला बिनरंगी थेंब गोळा होतो आणि कप हलवला की तो आख्खाच्या आख्खा घरंगळतो. एप्रिलमध्ये वळवाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या डाव्या टाकीतून असाच वाटाण्याएवढा थेंब आला. दोन दिवस विमान शेडबाहेर टाय-डाऊनवर, म्हणजे बांधून ठेवलेलं, होतं आणि टाकीच्या झाकणाची रबर रिंग कडक झाली होती. रिंग बदलली, पुन्हा पुन्हा काढून बघितलं, स्वच्छ आल्यावरच उडालो. एक लक्षात ठेवा, आख्खा कपच बिनरंगी दिसला तर "छान, स्वच्छ आहे" म्हणू नका, ते सगळंच पाणी असू शकतं, वास घ्या, रंग बघा. अ‍ॅव्हगॅस आम्ही बॅरलने मागवतो. 2022 पासून इंडियन ऑइल बडोद्याला बनवायला लागल्यापासून देशातलं मिळतं, त्याआधी सगळं बाहेरूनच यायचं.

यात शिसं असतं हेही विसरू नका. टॅक्सी करताना मिश्रण फुल रिच, म्हणजे जास्त इंधनाचं, ठेवलं तर खालच्या प्लगमध्ये शिशाचे बारीक गोळे बसतात, मग 1700 आरपीएमला मॅग्नेटो एकेक करून तपासताना ड्रॉप, म्हणजे आरपीएममधली घट, जास्त दिसतो. मर्यादा 125, दोन्हींत फरक 50. जमिनीवर लीन, म्हणजे कमी इंधनाचं, ठेवायची सवय लावल्यापासून आमचे प्लग खूप स्वच्छ निघतात.

आणि कुंभारीण. ही माशी आपल्याकडे खिडकीच्या चौकटीत, स्विचबोर्डच्या भोकात मातीचं घर करते ते सगळ्यांना माहीत आहे, पण पिटो ट्यूब, म्हणजे हवेतला वेग मोजणारी नळी, तिला त्याहून आवडते. पिटो बंद झाली की हवेतला वेग दाखवणारा काटा खोटं बोलतो, म्हणून लाल रिबिनीचं कव्हर विमान थांबल्या थांबल्या घालायचं, चहा नंतर. आम्ही ते काटेकोर पाळत होतो, तर हिने दुसरी जागा शोधली. मामा एक दिवस विमान पुसताना म्हणाले, "मालक, हिकडं बघा की, हिच्या तोंडात माती घातलीय." डाव्या पंखाखाली स्ट्रटच्या (पंखाला आधार देणाऱ्या दांड्याच्या) मागे इंधन टाकीचा व्हेंट असतो, त्या नळीच्या तोंडाशी ओली माती होती. व्हेंट बंद झाला तर टाकीत हवा जायचा मुख्य रस्ता बंद होतो आणि इंधन खाली यायचं थांबू शकतं. मामांना विमानातलं काही शिकवलेलं नाही, पण रोज हात फिरवणाऱ्या माणसाला जे दिसतं ते चेकलिस्ट वाचणाऱ्याला दिसेलच असं नाही. मी त्यांना दर महिन्याला पगाराव्यतिरिक्त काहीतरी देतो आणि ते पैसे मला सगळ्यात योग्य जागी गेलेले वाटतात.

उडण्याबद्दल. सांबऱ्याची धावपट्टी 2300 मीटर, लहान विमानाला भरपूर. पण उंची जवळजवळ 2490 फूट आहे आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी 36-37 डिग्री तापमान असलं की हवा विरळ होऊन विमानाच्या हिशोबाने आपण साडेपाच-सहा हजार फुटांवर उभे असतो. चढाई मंदावते ते सीटमध्ये बसूनच कळतं. टाक्या भरल्यावर माणसं आणि सामान मिळून साधारण 300 किलो उरतं, म्हणजे चार सीट आहेत म्हणून चार धडधाकट माणसं आणि वर कुंदा-करदंटचे डबे असं होत नाही. मे महिन्यात आम्ही दोघंच, सकाळी लवकर, आणि साडेदहाच्या आत खाली. दुपारनंतर पूर्वेकडून नाहीतर घाटावरून वळवाचे ढग चढायला लागतात, आणि त्यांच्या पुढे पळणारा वारा जमिनीजवळ कुठून कसा फिरेल याचा भरवसा नाही. क्रॉसविंडचा, म्हणजे आडव्या वाऱ्याचा, पुस्तकात दाखवलेला आकडा 15 नॉट आहे, आम्ही आमच्यापुरती मर्यादा 10 ठेवलीय.

नोव्हेंबर ते मार्च हवा शांत असते पण धूसर. चिकोडी, संकेश्वर, गोकाक बाजूला गाळप चालू असतं, उसाची पाचट जाळतात, सकाळी धुराचा थर खालीच बसून राहतो. वरून सरळ खाली सगळं स्पष्ट दिसतं आणि समोर तिरकं बघितलं की काही नाही, यात नवखा माणूस फसतो. हिडकलचं धरण, घटप्रभा, हायवे 48 आणि रेल्वे लाइन यांच्यावर नजर ठेवून उडतो, टॅबलेटवर नकाशा असला तरी.

इंजिन बंद पडलं तर कुठे उतरायचं हा विचार मी गाडीतून जातानाही करतो, घरचे आता काही म्हणत नाहीत. 65 नॉटला ग्लाइड (इंजिनाशिवाय तरंगत उतरणं) धरायचा, हे हाताला सवयीचं करून घ्या. बैलहोंगलकडची सपाट रानं उन्हाळ्यात चांगली, पण पाऊस झाल्यावर त्या काळ्या मातीत पुढचं चाक रुततं आणि विमान उलटतं. उभा ऊस वरून मऊ हिरवा दिसतो, तो मऊ नसतो. भातखाचरात बांध. आणि खानापूरच्या पश्चिमेला नुसतं जंगल, तिथे जागाच नाही, म्हणून तिकडे आम्ही उंची घेतल्याशिवाय जात नाही, आणि चोर्ल्याकडे ढग दिसला तर जातच नाही. खाली उतरताना एक तासाचं इंधन शिल्लक पाहिजे, हा तिघांचा लेखी नियम आहे, आणि तिघांपैकी कुणीही एकाने "आज नको" म्हटलं तर दुसऱ्याने कारण विचारायचं नाही, हाही.

घारींचं काय करावं कळत नाही. नांगरट चालू असली की ट्रॅक्टरच्या मागे बगळे, आणि वर घारी गिरक्या घेत. घार दिसली तर शक्यतो तिच्या वरून जायचा प्रयत्न करा, घाबरलेला पक्षी बहुतेक वेळा खाली सूर मारतो.

वेळ वाचतो का? नाही. कोल्हापूर हवेतून 52 नॉटिकल मैल, अर्धा तास. पण आधी फ्लाइट प्लॅन, उड्डाणाच्या परवानगीचे एडीसी आणि एफआयसी नंबर, मेटार (हवामानाचा अहवाल), प्रीफ्लाइट तपासणी, तिकडे उतरून पार्किंग, मग उजळाईवाडीच्या विमानतळावरून गावात जायला रिक्षा. गाडीने गेलेला मेव्हणा आमच्याआधी तांबडा-पांढरा ओरपत बसलेला असतो. शिवाय प्रायव्हेट कॅटेगरीत कुणाकडून पैसे घेऊन नेता येत नाही, त्यामुळे "लग्नाला फुलं टाकायला येता का, भाडं देतो" म्हणणाऱ्यांना नाहीच म्हणावं लागतं.

पार्टच्या बाबतीत एक कटू अनुभव. व्हॅक्यूम पंप मागवला, विक्रेत्याने चार आठवडे सांगितले आणि तीन महिने लावले, वर आला तेव्हा सर्टिफिकेटची मूळ प्रतच नाही. माल समोर आहे पण कागद नाही तर एएमई बसवणार नाहीत, आणि तेच बरोबर आहे. माझ्या शॉपमध्ये मी त्याहून अवघड पार्ट बनवतो, तरी या विमानात माझा बनवलेला एक साधा बुशसुद्धा जाऊ शकत नाही, आणि जाऊही नये. पैसे देण्याआधी कागदाचा फोटो मागवा.

घ्यायचा विचार असेल तर ब्रोकरने दिलेले एकूण तास बघू नका, लॉगबुकात गेल्या पाच वर्षांत दर महिन्याला किती उडालंय ते बघा. कमी तासांचं, वर्षानुवर्षं किनाऱ्यालगत उभं असलेलं विमान मला फुकट दिलं तरी नको. आम्ही बघितलेलं पहिलं विमान असंच होतं, रंग नवा कोरा, आतून सीट चकाचक, आणि लॉगबुकात सलग दोन वर्षं कोरी. आम्ही परत आलो. खरेदीआधीची तपासणी विकणाऱ्याच्या एएमईकडून नको, आपला माणूस न्या, त्याचे पैसे आपण द्या, फिल्टर कापायला लावा, आणि सिलिंडर काढणं शक्य असेल तर एक काढून कॅम डोळ्यांनी बघा, मालक तयार झाला नाही तर चहा घेऊन परत या.