डिजिटल मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) घेतला, आठ महिने वापरून लिहितोय

आमच्या विहिरीवर ५ एचपीची थ्री फेज सबमर्सिबल (पाण्यात बुडालेली) मोटर आहे. यंदा कांद्याला ऐन पाण्याची गरज असताना स्टार्टर दाबला की फ्यूज उडायला लागला. मेकॅनिक आला, बघितलं आणि म्हणाला वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) गेलंय, मोटर काढावी लागेल. मी मल्टिमीटर लावून पाहिला तर बॉडीला काहीच दाखवत नव्हता, मग शॉर्ट आहे कुठं? नंतर कळलं की मल्टिमीटर दोन-चार व्होल्टवर मोजतो, ओल धरलेला जॉइंट तेवढ्यात गप्प बसतो आणि ४१५ व्होल्ट आले की फुटतो. मेगर ५०० व्होल्ट डीसी सोडून बघतो, म्हणून खरं काय ते कळतं.

त्याच आठवड्यात हा मागवला, साडेतीन हजाराला पडला. २५०, ५०० आणि १००० व्होल्ट अशा तीन रेंज आहेत. आधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढले, स्टार्टरमधून मोटरच्या तिन्ही वायरी सोडवल्या, एक क्लिप वायरीला आणि दुसरी अर्थिंगला लावली. ५०० वर रीडिंग आलं ०.०२ मेगओहम (आकडा जितका मोठा तितकं इन्सुलेशन चांगलं). १ च्या खाली मोटर चालवायचीच नाही असं वायरमन लोक सांगतात, इथं तर काहीच उरलं नव्हतं. मोटर आतून स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र जोडलेली असल्यामुळं तिन्ही वायरींना सारखंच रीडिंग येतं, कुठली फेज खराब ते यावरून कळत नाही, म्हणून मग विहिरीच्या काठावरचा जॉइंट तोडून दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासल्या. मोटरकडची बाजू ३५ मेगओहम! आणि स्टार्टरकडून जमिनीखालून आलेली केबल जवळजवळ शून्य. चारी उकरली तर मधे एक जुना जॉइंट सापडला, टेप सुटलेली, आत पाणी. नवीन जॉइंट केला, संध्याकाळी पाणी चालू. मोटर वर काढलीच नाही.

मशीनबद्दल सांगायचं तर बटण सोडलं की केबलमधला चार्ज आपोआप उतरतो आणि उतरताना स्क्रीनवर दिसतो, हे मला फार आवडलं कारण लांब केबलचा झटका जोरात बसतो. हातानं फिरवायच्या जुन्या मेगरला एक माणूस फिरवायला आणि एक क्लिप धरायला लागायचा, इथं एकटा करतो. पण क्लिपा कमजोर आहेत, गंजलेल्या पाइपवर नीट पकडत नाहीत, मी दुसऱ्या लावल्या. उन्हात स्क्रीन दिसत नाही. १००० वर सेल लवकर उतरतात, पण शेतीच्या मोटरला ५०० पुरतात.

घेणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. ड्राइव्ह (मोटरचा वेग कमीजास्त करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) किंवा इलेक्ट्रॉनिक पॅनल असेल तर ते आधी सोडवा, नाहीतर ५०० व्होल्टनं कार्ड जाईल. आणि वाइंडिंगचे वेढे आपसात शॉर्ट असतील तर मेगर रीडिंग चांगलंच दाखवेल, त्यासाठी तिन्ही फेजचा रेझिस्टन्स वेगळा मोजावा लागतो.

पाचपैकी चार स्टार, एक कापला तो क्लिपांसाठी. आता दर महिन्याला रीडिंग घेऊन स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर खडूनं लिहून ठेवतो, परवाचं २८ आलंय.