दोन बाजूंची दोन दैनिके : अकरा महिन्यांच्या वाचनानंतरचा अनुभव

जानेवारी २०२४ पासून नोव्हेंबरअखेरपर्यंत मी नाशिकच्या घरी रोज दोन मराठी दैनिके घेतली. एकाचा कल महायुतीकडे आहे आणि दुसऱ्याचा महाविकास आघाडीकडे, हे दोन्हींच्या वाचकांना ठाऊक असते. वृत्तवाहिन्या पाहणे मात्र पूर्ण बंद केले. दोन्ही अंकांचे मिळून महिन्याचे बिल तीनशेच्या आसपास आले. लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुका याच काळात झाल्या, त्यामुळे राजकीय पक्षपात छापील पानात नेमका कुठून शिरतो, हे मला जवळून पाहता आले.

सुरुवातीला मी खोट्या बातम्या शोधत होतो, पण त्या फारशा सापडल्या नाहीत. आधी नजरेत भरले ते शब्द. विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी १० जानेवारीला शिवसेनेच्या आमदारांच्या अपात्रतेचा निकाल दिला. दुसऱ्या दिवशीचे दोन्ही अंक मी जमिनीवर शेजारी-शेजारी पसरले आणि लाल पेन्सिलीने खुणा केल्या. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदारांसह उद्धव ठाकरे यांच्यापासून वेगळे झाले, त्याला एका अंकात ‘उठाव’ म्हटले होते, दुसऱ्यात ‘गद्दारी’. आणि हे शब्द कोणा नेत्याच्या तोंडचे नव्हते, बातमीदाराच्या स्वतःच्या वाक्यात होते. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजीच पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह शिंदे यांच्याकडे दिले असले, तरी एकाकडे नुसते ‘शिवसेना’ होते आणि दुसऱ्याकडे ‘शिंदे गट’. ‘बंड’ हा त्यातल्या त्यात तटस्थ शब्द दोन्हीकडे शोधूनही मिळाला नाही.

सर्वांत मोठा धडा कांद्याने दिला. केंद्राने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद केली होती. मार्चमध्ये ही बंदी पुढे वाढवली, आणि एप्रिलअखेरीस गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला तेवढी परवानगी मिळाल्यावर आमच्या जिल्ह्यात संतापाला पारावार राहिला नाही. महायुतीकडे झुकलेल्या दैनिकाने हे छापले नाही, असे मी म्हणणार नाही. लिलावातले भाव, उत्पादन खर्च, लासलगावच्या शेतकऱ्यांचे म्हणणे असे सगळे त्यात होते, पण जिल्ह्याच्या आतल्या पानावर. माझी बहीण ठाण्याला तेच दैनिक घेते. तिला मी रोज तिच्या अंकाच्या पानांचे फोटो पाठवायला सांगितले. त्या आठवड्यात तिच्याकडे कांदा एकदाच आला, तोही सरकारने ९९,१५० टन निर्यातीला मुभा दिल्याची दिलासादायक बातमी म्हणून. पुढे ४ जूनला दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार लाखाहून अधिक मतांनी पराभूत झाल्या, तेव्हा तिने फोन करून विचारले, “दादा, तुमच्याकडे एवढं काय झालं होतं?” ज्या दैनिकाचा वार्ताहर चार-पाच महिने हे लिहून पाठवत होता, त्याच दैनिकाची ती वर्षानुवर्षांची वाचक आहे. मला याचा अजून राग येतो.

मालवणचे उदाहरण पानावरच्या जागेचे आहे. राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा उभारून नऊ महिनेही झाले नव्हते, तो २६ ऑगस्टला कोसळला. याच दैनिकात ती बातमी पहिल्या पानाच्या तळाला, वाऱ्याच्या वेगाचा उल्लेख वर घेऊन आली. पंतप्रधानांनी ३० ऑगस्टला पालघरमध्ये माफी मागितली, तिला मात्र मुख्य मथळा मिळाला. माफीची जागा मूळ घटनेच्या तिप्पट होती, हे मी फूटपट्टीने मोजले.

दुसऱ्या दैनिकाबद्दल लिहिणे मला जड जाते, कारण माझा स्वतःचा कल त्याच बाजूला आहे. ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज सुरू झाल्यावर त्याने रांगा, बंद पडणारे सर्व्हर, तिजोरीवरचा भार यांवर भरपूर आणि चांगले लिहिले. ऑगस्टमध्ये आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंच्या खात्यात दोन महिन्यांचे तीन हजार रुपये जमा झाले, त्या दिवशीचा त्यांचा चेहरा मी पाहिला होता. पण अशी एकही बाई मला त्या दैनिकाच्या पहिल्या पानावर भेटली नाही. २३ नोव्हेंबरला एकट्या भाजपला १३२ जागा मिळाल्या आणि मी जूनमधल्या माझ्या बहिणीसारखाच चकित झालो. त्यानंतर मतदान यंत्रांवरच्या शंकांनी त्या दैनिकाची पाने भरली. जूनमध्ये आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या, तेव्हा ही शंका वायव्य मुंबईच्या ४८ मतांच्या फरकाने लागलेल्या निकालापुरतीच होती.

विधानसभेच्या प्रचारात काही उमेदवारांचे परिचय दोन्ही दैनिकांत शब्दशः सारखे आले आणि त्यांवर ‘जाहिरात’ असे कुठेही लिहिलेले नव्हते. २००९ च्या विधानसभा निवडणुकीतल्या अशाच मजकुरावरून महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला होता, आणि प्रेस कौन्सिलने पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांची चौकशीही केली होती. पंधरा वर्षांनी हे पुन्हा दिसावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यापेक्षा ‘सामना’सारखे उघड मुखपत्र वाचणे सोपे जाते, कारण ते कोणाचे आहे हे ते लपवत नाही आणि वाचक त्या हिशेबानेच वाचतो.

गैरसोयी सांगायच्या तर रोजचा तासभर वेळ जातो, आणि वृत्तवाहिन्या बंद केल्याने ४ जूनसारख्या दिवशी निकाल उशिरा कळतात. मी दोन्ही अंक पुढेही चालू ठेवले आहेत. आता जिल्ह्याचे पान आधी वाचतो आणि मग पहिल्या पानाकडे वळतो. ठाण्याहून बहिणीचे फोटोही रोज सकाळी येतात.