डीपी टेस्टचे तीन डबे आणि माझ्या जीपचा ड्रॉप आर्म : ८ महिन्यांचा अनुभव

गाडी जुनी महिंद्रा सीजे-३बी. तिच्या स्टिअरिंगच्या भागांतल्या बारीक चिरा शोधण्यासाठी डाय पेनेट्रंटचा किट घेतला, फॅब्रिकेशनवाले ज्याला डीपी टेस्ट म्हणतात तोच. रंग चिरेत शिरतो आणि वरच्या पांढऱ्या थरात उमटतो. क्लीनर, लाल पेनेट्रंट, पांढरा डेव्हलपर असे तीन स्प्रे. जीपच्या टाकीभर पेट्रोलपेक्षा स्वस्त पडला.

पहिल्यांदा फजिती झाली. ड्रॉप आर्म (स्टिअरिंगच्या गिअरबॉक्सवर बसणारा, चाकं वळवणाऱ्या दांड्यांना हलवणारा पोलादी हात) नुसता डिझेलने धुऊन फवारा मारला, तर अख्खा आर्म गुलाबी! दुसऱ्यांदा पेंट रिमूव्हरने रंग उतरवला. सँडब्लास्टिंग मुद्दाम टाळलं, कारण वाळूच्या माऱ्याने चिरेचं तोंड मिटतं. मग रंग आत शिरणार कुठून? पेनेट्रंट मारून १५ मिनिटं थांबलो. पुसताना क्लीनर फडक्यावर घ्यायचा, आर्मवर थेट नाही, नाहीतर चिरेतलाही रंग धुऊन जातो. मग डेव्हलपरचा पातळ थर.

थोड्याच वेळात मानेपाशी केसाएवढी लाल रेघ उमटली. वाटलं, फडक्याचा धागा असेल. सगळं पुसून पुन्हा केलं, रेघ तिथेच. आणि ती निघाली होती नेमकी छिन्नीच्या खुणेपासून. कधीकाळी कुण्या मिस्त्रीने आर्म पुन्हा त्याच दात्यांवर बसावा म्हणून खूण ठोकली असणार. अशा घावाच्या टोकाशी ताण एकवटतो. उभ्या गाडीत जोर लावून स्टिअरिंग फिरवलं की आर्मवर ताण येतो, सोडलं की उतरतो. असं हजारो वेळा झालं की चीर कणाकणाने पुढे सरकते. स्टिअरिंगला ना जास्तीचा प्ले (ढिलेपणा), ना आवाज. मला तरी काही जाणवलं नव्हतं.

गॅरेजवाला म्हणाला, "वेल्डिंग मारून देतो, दहा मिनिटांचं काम." नको म्हटलं. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं पोलाद बिघडतं आणि पुढची चीर तिथूनच सुरू होते. आर्म नवा घातला. क्रोम करून घ्यायचा मोह होता, पण प्लेटिंगमध्ये पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतं, म्हणून तोही सोडला.

उणं एवढंच की पृष्ठभागावर उघडलेलीच चीर दिसते. जरा आतली शोधायची तर मॅग्नेटिक पार्टिकल टेस्टसारखी (चुंबक आणि लोखंडी भुकटी वापरून केलेली) दुसरी चाचणी हवी. शिवाय लाल रंग नखांतून आठवडाभर जात नाही, घरी बोलणी खावी लागतात.

स्टिअरिंगचेच पुढचे भाग, टाय रॉड आणि बेलक्रँक, दोनदा तपासले, स्वच्छ निघाले. नव्या आर्मला काळ्याऐवजी फिकट राखाडी रंग दिलाय. चीर पडलीच तर गंजाची रेघ त्यावर चटकन दिसेल. डेव्हलपरचा डबा सगळ्यात आधी संपला, तेवढा सुटा मागवलाय.