ऑडॅसिटी: ओव्या उतरवायला घेतलं आणि आत्याचं बोलणं गायला लागलं

माझी आत्या माण तालुक्यातली. तिच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर रेकॉर्ड केल्या आणि त्या कागदावर उतरवायला ऑडॅसिटी हे आवाज ऐकायचं, कापायचं सॉफ्टवेअर घेतलं. ते पूर्ण मोफत आहे. विंडोज, मॅक, लिनक्स, सगळ्यांवर चालतं. फोनची एम४ए फाइल उघडायला मला एफएफएमपेग नावाचं जोड-सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागलं, पण ते एकदाच.

माझं सगळं काम लूपवर, म्हणजे निवडलेला तुकडा पुन्हा पुन्हा वाजवण्यावर. ३.१ आवृत्तीपासून ते फार सोपं झालंय. जात्याच्या घरघरीत बुडालेला शब्द हवा तितक्या वेळा ऐकायचा. तुकडा वेडावाकडा कापला गेला तर दर फेरीला ‘टक्’ वाजतं. म्हणून भाग निवडला की झेड दाबायचं, म्हणजे त्याच्या कडा आवाजाची लहर शून्यावर असते तिथे सरकतात, मग त्यावर लूप लावायचा.

दोन ओव्यांच्या मधे आत्या म्हणते, “आगं, पीठ बारीक येतंय का बघ की.” शेवट नीट लागेना, म्हणून लूप लावला. पाच-सहा फेऱ्या झाल्या आणि ती चक्क गायला लागली! ‘बारीक’वर चढ, ‘बघ की’वर उतार, मीही गुणगुणत होते. मग लूप काढून सगळं पहिल्यापासून लावलं. आत्या साधं बोलत येते, नेमकी त्या वाक्याला गाते आणि पुढे परत बोलायला लागते. अंगावर काटा आला.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच यांना १९९५ मध्ये हेच कळलं, तेही स्वतःच्याच निवेदनाचा तुकडा लूपवर वाजत असताना. पुढे २०११ च्या शोधनिबंधात त्यांनी दाखवलं, की तोच तुकडा जसाच्या तसा दहादा ऐकवला तर लोकांना गाणं वाटतं. दर फेरीला स्वर जरासा वर-खाली केला तर बोलणंच राहतं. तेही मी करून पाहिलं. त्याच वाक्याच्या प्रती काढल्या आणि प्रत्येकीची पट्टी थोडी बदलली. आत्या आपली पिठाचंच विचारत राहिली.

ज्यांच्याकडे घरच्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज फोनमध्ये पडून आहेत, त्यांनी ऑडॅसिटी जरूर डाउनलोड करून घ्यावं. फक्त हेडफोन लावून ऐका.

दिवाळीत आत्याला ऐकवलं. तिनं डोळे मिटून चार फेऱ्या ऐकल्या, पाचवीला मांडीवर बोटं वाजायला लागली. “ही चाल मला कुणी शिकवली नाय गं,” म्हणाली, आणि तीच धरून नवी ओवी जुळवायला बसली.