मधला ओटा, सोळा महिने: आधी ३२ इंच, आता ४४

नाशिकच्या आमच्या रो-हाउसमध्ये स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यातली भिंत काढून गेल्या वर्षी पाडव्याला मधला ओटा वापरायला काढला. त्याला किचन आयलंड म्हणतात, आमच्याकडे मात्र सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ‘मधला ओटा’ म्हटलं आणि तेच रुळलं. घरात आम्ही पाच जण. स्वयंपाक बहुतेक वेळा आई, म्हणजे सासूबाई, आणि मी दोघी मिळून करतो. पहिले सात महिने या ओट्याभोवती ३२ इंच जागा होती, गेले नऊ महिने ४४ इंच आहे. ट्रॉल्या त्याच, माणसं तीच. त्यामुळे मी लिहितेय ते ओट्याबद्दल कमी आणि त्याच्याभोवतीच्या मोकळ्या फरशीबद्दल जास्त.

नकाशात ३२ इंच कुठेच नव्हतं. खोलीची रुंदी १३ फूट, म्हणजे १५६ इंच. गॅसचा ओटा २४, समोरच्या भिंतीला फ्रिजसाठी ३०, मधला ओटा ३०. उरले ७२, दोन्ही बाजूंना ३६-३६. तीन फूट म्हटल्यावर मला भरपूर वाटलं, कारण घराचा दरवाजाही साधारण तेवढाच असतो. सगळं बसवून झाल्यावर टेप लावला, तर गॅसच्या बाजूला ३२ आणि फ्रिजच्या बाजूला साडेएकतीस. दोन्ही भिंतींच्या प्लास्टर आणि टाइल्सनी मिळून एक इंच खाल्ला होता. गॅसच्या ओट्याचा ग्रॅनाइट ट्रॉल्यांच्या दीड इंच पुढे आला होता, मधल्या ओट्याचा दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच. फ्रिजमागे हवा खेळायला जागा सोडल्यावर त्याचं हँडल भिंतीपासून ३३ इंचांवर आलं. कुणी फसवलं नव्हतं. नकाशातलं माप लाकडी खोक्यांमधलं होतं आणि आम्ही वावरणार होतो ग्रॅनाइटच्या कडांमध्ये. म्हणून पहिली विनंती हीच, की नकाशावर ग्रॅनाइटच्या कडेपासून ग्रॅनाइटच्या कडेपर्यंतचं आणि फ्रिजच्या हँडलपासूनचं माप लिहून मागा, आणि ते लिहून मिळेपर्यंत कामाला होकार देऊ नका.

एकटी असताना ३२ इंच मला त्रासाचे वाटत नव्हते. गॅसवरून नुसतं मागे वळलं की चिरलेली भाजी हाताशी, पाऊल उचलावंच लागत नाही. अडचण दुसरं माणूस आलं की सुरू व्हायची. ओट्याशी उभं राहून पोळी लाटणारी बाई कोपरांसकट वीसेक इंच जागा घेते. मागे उरतात बारा. त्या बारातून आडवं होऊन जाता येतं, पण हातात वाफाळता कुकर असेल तर नाही. ‘अगं, सरक जरा, कुकर उतरवायचाय’ हे वाक्य त्या सात महिन्यांत आमच्या घरात दिवसातून कितीदा बोललं गेलं असेल! गॅसखालची भांड्यांची ट्रॉली वीस इंच बाहेर येते. ती उघडली की समोर उभं राहायला जागा नाही, त्यामुळे बाजूला उभं राहून वाकडं होऊन पातेलं काढायचं. समोरासमोरच्या दोन ट्रॉल्या एकदम उघडल्या तर एकमेकींवर आपटायच्या. फ्रिजचं दार २८ इंचांचं. ते उघडलं की ती बाजू बंद.

फरशी पुसायला येणाऱ्या मावशी उकिडव्या बसून पुसतात. त्यांना त्या बोळात वळता यायचं नाही. त्या मागे मागे सरकत बाहेर यायच्या आणि पाठ ट्रॉलीच्या हँडलला लागायची. हे मला दोन महिन्यांनी कळलं, कारण त्या बोलल्या नाहीत. याची मला अजून खंत आहे. स्वयंपाकघराचं माप काढताना घरच्यांच्या उंचीचा, हाताच्या पोहोचेचा विचार होतो. जी बाई रोज जमिनीलगत बसून तिथे काम करते तिची जागा कुणी मोजत नाही.

गौरीच्या जेवणाला पुरणपोळ्या करायला जाऊबाई आल्या, आम्ही तिघी झालो. त्या दिवशी पुरणाचं पातेलं मधल्या ओट्यावर, तवा गॅसवर, आणि मध्ये आम्ही तिघी एका रांगेत. बाहेर जायचं तर रांग मोडावी लागायची. दिवाळीत चकल्या तळताना मुलगी मागून पळत गेली, आईंच्या कोपराला धक्का लागला आणि झाऱ्यावरचं तेल त्यांच्या मनगटावर उडालं. डाग महिन्याभरात गेला. पण त्यानंतर तळण चालू असताना मुलीला आत यायची बंदी केली, आणि भिंत काढली होती ती सगळ्यांनी एकत्र वावरावं म्हणूनच.

तरीही आम्ही तसंच चालवलं असतं. बदल झाला तो आईंच्या गुडघ्यामुळे. दिवाळीनंतर शस्त्रक्रिया ठरली आणि पुढचे काही आठवडे वॉकर लागणार हे कळलं. आणलेला वॉकर मोजला तर २५ इंच रुंद. ३२ इंचांतून तो सरळ जात होता, पण आत वळत नव्हता आणि एखादी ट्रॉली उघडी असेल तर जातच नव्हता. चाळीस वर्षं ज्या बाईने घरचा स्वयंपाक केला तिने दारात खुर्ची टाकून आत बघत बसायचं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी त्याच आठवड्यात सुताराला बोलावलं.

या वेळी मापं आधी नीट वाचली. अमेरिकेतल्या नॅशनल किचन अँड बाथ असोसिएशनची मार्गदर्शक मापं अशी आहेत: नुसत्या येण्याजाण्याच्या वाटेला किमान ३६ इंच, एकाने काम करायच्या जागेला ४२, एकाहून जास्त जण काम करत असतील तर ४८. म्हणजे आमचे कागदावरचे ३६ सुद्धा वाटेचे होते, कामाच्या जागेचे नव्हतेच. ‘किती जागा सोडू’ याआधी ‘इथे कोण उभं राहणार आणि त्याच्या मागून कोण जाणार’ हे विचारायला हवं होतं. चाकाच्या खुर्चीला जागच्या जागी वळायला तर पाच फुटांचं वर्तुळ लागतं. तेवढं आम्हाला शक्य नव्हतं आणि सुदैवाने गरजही नव्हती.

मग चार दिवस प्रयोग केला. ट्रॉल्या रिकाम्या करून मधला ओटा तात्पुरता बाहेर हलवला, फरशीवर खडूने वेगवेगळ्या रेषा आखल्या आणि मध्ये जेवणाचं टेबल सरकवून त्यावरच स्वयंपाक केला. एक दिवस ४० इंच, एक दिवस ४४, दोन दिवस ४८. प्रत्येक वेळी एक ट्रॉली उघडी ठेवून दुसऱ्या माणसाने मागून परात घेऊन जायचं. चाळिसाला अंग चोरावं लागत होतं. ४८ सगळ्यात मोकळं होतं, पण गॅसवरून वळून मागे ठेवायला प्रत्येक वेळी एक जादा पाऊल पडत होतं आणि उलथण्यावरून रस्सा फरशीवर ठिबकत होता. माझी बहीण टेक्सासला असते, तिच्याकडे पाच फूट जागा आहे. तिचीही हीच तक्रार, की गरम भांडं धरून दोन पावलं चालावं लागतं. आमच्या दोघींसाठी ४४ ठरलं.

बारा इंच आणायचे कुठून? मधल्या ओट्याच्या मागच्या अंगाला आठ इंचांचं बरण्यांचं उघडं कपाट होतं. ते काढलं, ग्रॅनाइट कापून २५ इंचांचा केला आणि ओटा बारा इंच मागे सरकवला. फरशीतून वर आलेला वायरचा पाइप नशिबाने ट्रॉलीच्या पोटातच राहिला, नाहीतर फरशी फोडावी लागली असती. मिक्सरचा पॉइंट ओट्यातच हवा, वाटेवरून आडवी वायर नको. फ्रिज ड्राय बाल्कनीच्या दाराजवळ नेला आणि त्याच्या जागी हँडलसकट १६ इंचांचं कपाट केलं. ग्रॅनाइटचे चारही कोपरे गोल करून घेतले, कारण मुलीच्या कमरेला तेच लागायचे. तीन दिवसांचं काम आणि सगळं मिळून ३८ हजार रुपये. हे पैसे पहिल्यांदाच वाचले असते.

आई शस्त्रक्रियेनंतर बाराव्या दिवशी वॉकर घेऊन आत आल्या, मधल्या ओट्याला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि खुर्चीवर बसून त्यांनी मेथी निवडली. मी गॅसशी उभी होते आणि मला सरकावं लागलं नाही.

नऊ महिन्यांनंतरही ४४ बद्दल माझं मत बदललेलं नाही. संक्रांतीच्या गुळपोळ्या तिघींनी केल्या, दोघी गॅसशी आणि एक मधल्या ओट्याशी पाठमोरी, आणि चौथं माणूस पाणी घेऊन मधून जात होतं. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक घोटताना मोठं पातेलं दोघींनी दोन कडांनी धरून मागच्या दारी नेलं. समोरासमोरच्या ट्रॉल्या आता एकदम उघडतात. मावशींना आता बसल्या बसल्या वळता येतं. ओट्याच्या जेवणाच्या खोलीकडच्या टोकाला मात्र आजही ३६ इंचच आहेत आणि तिथे ते पुरतात, कारण तिथे उभं राहून कुणी काही करत नाही.

दोन उंच स्टुलं घेतली होती, ती देऊन टाकली. स्टुलावरच्या माणसाच्या मागून चालत जायचं तर ओट्याच्या कडेपासून ४४ इंच लागतात. तेवढे आता आहेत, पण गुडघ्यांसाठी ग्रॅनाइट पुढे काढायला जागा उरलेली नाही. मुलगी अभ्यासाला जेवणाच्या टेबलावर बसते आणि तिथून गप्पा होतात. बरण्यांचं कपाट गेल्याची चुटपुट आहे, लोणच्यांच्या बरण्या आता जिन्याखाली असतात.

एक अडचण शिल्लक आहे. नव्या जागी फ्रिजचं दार ड्राय बाल्कनीच्या वाटेवर उघडतं, त्यामुळे दूध काढताना कपडे वाळत घालायला जाणारं माणूस अडतं. बिजागरी दुसऱ्या बाजूला बसवता येणारं मॉडेल आहे. मेकॅनिक रविवारी येणार आहे.